मोटरसायकलचा चामडी पोशाख : स्वच्छता व निगा

मोटरसायकल चालवताना घालायची चामडी जाकिटे, पँट, सलग सूट, हातमोजे व बूट यांवरचा घाम, धूळ, किडे आणि तेलकट डाग काढणे व कातड्यातले उणे झालेले तेल भरून देणे, असे या निगेचे स्वरूप आहे. हा पोशाख अपघातात डांबरावर घसरत जाणाऱ्या अंगासाठी असतो. युरोपातील ईएन १७०९२ हे मानक कपड्याची घासण्याला, फाटण्याला व शिवण उसवण्याला टिकण्याची क्षमता तपासून त्याला एएए ते सी असे वर्ग देते. त्यामुळे निगेतही आधी शिवण पाहायची, चमक नंतर.

रायडिंग सूटसाठी बहुधा १.१ ते १.४ मिमी जाडीचे गायीचे कातडे वापरतात. महागड्या शर्यतीच्या सूटांत याहून पातळ, तरी चिवट असे कांगारूचे कातडे असते. बहुतेक कातडी क्रोम क्षारांनी कमावलेली असतात. कमावल्यानंतर त्यांत तेल मुरवतात. त्यामुळे कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू सुकताना एकमेकांना न चिकटता सरकते राहतात. हे तेल घाम, पाणी व उष्णतेने कमी होत जाते आणि कोपराच्या, कमरेच्या घडीवर भेगा पडू लागतात. कमावलेले कातडे किंचित आम्लधर्मी असते. कपड्यांचा साबण व भांड्यांची पावडर अल्कधर्मी असल्यामुळे तेल ओढून घेतात आणि रंगाचा थरही सैल करतात.

कोणते साधन वापरायचे ते वरच्या थरावर अवलंबून असते. आतल्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावे. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा संरक्षक लेप आहे. लगेच मुरून गडद डाग पडला तर कातडे उघडे आहे व त्यावर कंडिशनरही (कातड्याला तेल देणारे क्रीम) डाग पाडू शकतो. स्वेड आणि नुबक या मखमली लवेच्या कातड्यांना क्रीम, तेल, मेण काहीच लावायचे नाही. रबरी ब्रश पुरेसा.

स्वच्छता : खांदे, कोपर, पाठ व गुडघ्यातले संरक्षक पॅड आणि सुटे अस्तर आधी काढावे, खिसे रिकामे करावे, चेन व व्हेल्क्रो लावून टाकावे. व्हेल्क्रो उघडे राहिले की त्याचे काटे कातड्यावर ओरखडे काढतात. शिवणीतली धूळ मऊ ब्रशने झाडावी. वाळलेले किडे नखाने खरवडू नयेत; कोमट पाण्यात पिळलेले फडके त्यांवर दहा मिनिटे ठेवले की ते पुसून निघतात. मग लेदर क्लीनर किंवा सॅडल सोप (खोगिराच्या कातड्यासाठीचा साबण) ओल्या स्पंजावर घेऊन फेस करावा आणि तो फेसच कातड्यावर फिरवावा, एका वेळी एक भाग. फेस वाळण्याआधी स्वच्छ ओल्या फडक्याने दोन वेळा पुसावा. साबण शिवणीत राहिला तर पांढरी रेघ उमटते. कॉलर व मनगटावरच्या मेणचट थरासाठी दुसऱ्यांदा फेस लावणे बरे, जोर लावून घासणे नको. थिनर, ॲसिटोन व पेट्रोल यांनी डाग जातो आणि रंगही जातो.

जलरोधक पडदा नसलेले हातमोजे हातात घालूनच, हात धुतल्यासारखे, कोमट पाण्यात धुता येतात. अर्धवट वाळल्यावर एकदा घालून मुठी वळाव्यात, म्हणजे आकार टिकतो. आत गोर-टेक्ससारखा पडदा असेल तर जड तेल व मेण टाळावे. बाहेरच्या कातड्याची छिद्रे बुजली की घामाची वाफ बाहेर पडत नाही. जाळीदार छिद्रांच्या जाकिटालाही हेच लागू.

भिजलेला पोशाख रुंद खांद्याच्या हँगरवर, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात एक-दोन दिवस वाळू द्यावा. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ते काही तासांनी बदलावे. ऊन, हीटर किंवा इंजिनाची ऊब यांनी ओले कातडे आकसते आणि कडक होते. त्यानंतर कितीही क्रीम लावले तरी ते पूर्ववत होत नाही.

कंडिशनिंग : कातडे पूर्ण वाळल्यावरच करावे. एका जाकिटाला दोन-तीन चहाचे चमचे क्रीम पुरते. ते थेट न ओतता फडक्यावर घेऊन पातळ पसरावे, रात्रभर मुरू द्यावे, सकाळी उरलेले पुसून काढावे. वर्षातून दोनदा, नियमित चालवणाऱ्याने तीनदा. नेहमीची चूक कमी लावण्याची नसून जास्त लावण्याची आहे : तेलाने चिंब झालेले कातडे ताणते, सैल पडते आणि धूळ धरते. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, म्हणून ते वर्ज्य. खोबरेल हाताशी असते, पण त्याने वेगळीच अडचण होते.

पांढरी पूड : कपाटातून काढलेल्या जाकिटावर पांढरे दिसले की सगळे त्याला बुरशी समजतात. प्रत्यक्षात कारणे तीन आहेत. ओल्या फडक्याने नाहीसे होऊन वाळल्यावर परत दिसले तर ते घामाचे किंवा कमावणीतले क्षार. आरओच्या पाण्याने दोन-तीनदा पुसावे. हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्याने काही सेकंदांत वितळून मुरले तर ती वर आलेली चरबी. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, म्हणून पुण्या-नाशकाच्या थंडीत असा थर येऊ शकतो. उष्णतेने बदल झाला नाही, ठिपके तुटक असले आणि कुबट वास आला तर ती बुरशी. ती घराबाहेर ब्रशने झाडावी. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात घेऊन, लपलेल्या जागी रंग सुटत नाही ना हे पाहून, फडक्याने हलके पुसावे. अस्तर व खिसे विसरू नयेत, बीजाणू तिथूनच परततात. तो ब्रश पुन्हा दुसऱ्या जाकिटावर वापरू नये.

हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीला पोषक परिस्थिती मिळते. कोकण, मुंबई व गोव्यात पावसाळाभर हीच स्थिती असते. त्यामुळे मे महिन्यात घाम-मळ काढून पोशाख कोरडा करावा आणि कंडिशनिंग पावसाळ्यानंतर करावे, कारण मळ व जादा चरबी हे बुरशीचे खाद्य आहे. प्लॅस्टिकची पिशवी टाळावी, सुती गवसणी घालावी. कपाटात ठेवलेले, ओल शोषणारे सिलिका जेल रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरावे. पंधरा दिवसांनी कपाट उघडून हवा द्यावी, त्याच वेळी बगल व कोपराच्या शिवणी ताणून पाहाव्यात. दोरा तुटलेला दिसला तर पुन्हा घालण्याआधी बाँडेड नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोऱ्याने, जुन्याच भोकांतून शिवून घ्यावे. नवी भोके पाडली तर कातडे त्या रेषेवर फाटते.