कागदावरची ज्योत आणि राखून ठेवलेला षड्ज

सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तुम्ही पाहिलं असेल; म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात नसेल, तर कुठल्यातरी कॅलेंडरवर. हातात दिवा घेतलेली तरुणी, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, उजेडाने लालसर झालेली बोटं. जलरंगातलं चित्र.

घरी त्याची छापील प्रत असेल, तर एक करून पाहा. पांढऱ्या जाड कागदाला ज्योतीएवढं भोक पाडा आणि बाकी सगळं चित्र झाका. भोकातून दिसतो तो फिकट पिवळा ठिपका. उजेडबिजेड काही नाही. कागद बाजूला सारला की दिवा पुन्हा पेटतो!

पांढरा कागद अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० ते ९० टक्के परत पाठवतो, काळा रंग तीन-चार टक्के. म्हणजे चित्रकाराच्या हाती जेमतेम २०-३० पटींचा फरक असतो. खऱ्या खोलीत ज्योत आणि अंधारा कोपरा यांच्यातला फरक हजारो पटींचा. ही तूट भरून निघते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यात. दृष्टिपटलावरच्या पेशी शेजारच्या पेशींचा संदेश दाबतात. उजेडाशेजारची पेशी जास्त दबते, म्हणून कडेचा काळोख आणखी गडद वाटतो; काळोखाशेजारची कमी दबते, म्हणून उजेड आणखी उजळ. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या परिणामाचं वर्णन केलं. पुढे शरीरशास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यात तो मज्जातंतूंच्या पातळीवर मोजला. दृष्टीवरच्या संशोधनासाठी १९६७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

कानाचा हिशेबही बेरजेचा नाही, पटीचा आहे. एका व्हायोलिनऐवजी दहा वाजवली, तरी आवाज दहापट मोठा वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. आवाज चढवणं फार महाग पडतं. त्याआधीचा आवाज उतरवणं मात्र फुकट आहे, आणि मला वाटतं, थोर संगीतकारांना हे डेसिबल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या ‘द क्रिएशन’चंच घ्या (१७९८), गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी रचलेली विश्वनिर्मितीची कथा. सुरुवातीला विश्वाचा गोंधळ, सी मायनर या झाकोळलेल्या स्वरपट्टीत, तंतुवाद्यांचा आवाज मुद्दाम दाबलेला. मग गायकवृंद जवळजवळ कुजबुजत सांगतो, प्रकाश होवो असं देव म्हणाला. तारा फक्त छेडल्या जातात. आणि ‘प्रकाश’ या शब्दावर सगळा वाद्यवृंद पूर्ण ताकदीने सी मेजर या उजळ स्वरपट्टीत उसळतो. रेकॉर्डिंगमधली फक्त ती उसळी कापून ऐका, नुसता जोरदार स्वरमेळ उरतो. भोकातल्या पिवळ्या ठिपक्यासारखाच.

एक फरक मात्र आहे, आणि तो मला साम्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चित्रात काळोख उजेडाच्या शेजारी असतो, डोळा कुठूनही शिरू शकतो. संगीतात हा काळोख, म्हणजे हलका आवाज, आधीच यावा लागतो. मोठा आवाज थांबल्यावर सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहून थोडा जास्त वेळ, कान बारीक आवाज टिपू शकत नाही. चित्रातला काळोख उजेडाच्या धक्क्याने गडद होतो. गाण्यातला नाजूक स्वर त्याच धक्क्याने गिळला जातो.

म्हणून ख्याल गाणारे तार षड्जाची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’ची, घाई करत नाहीत. खालच्या, मंद्र सप्तकात आलाप, मग एकेक स्वराची हळूहळू बढत, आणि वरचा सा राखून ठेवलेला. जलरंगात काम करणाराही असाच कागदाचा पांढरा राखून ठेवतो. एकदा रंगाखाली गेला की तो पहिल्यासारखा परत मिळत नाही.

हल्ली मैफलीत पहिल्या आलापालाच ध्वनिवर्धक इतका चढवलेला असतो की तार षड्ज आला तरी त्याला वर जायला जागाच उरत नाही. फार वाईट वाटतं. साउंड सांभाळणाऱ्यांना मनापासून विनंती आहे, बढत पूर्ण होईपर्यंत हात आवरा. मागच्या रांगेतल्यांनाही थोडे कान टवकारू द्या.