काश्मीर सरू

सरूच्या कुळातील सदाहरित शंकुधारी वृक्ष. याचे शास्त्रीय नाव क्युप्रेसस कॅश्मेरियाना असे आहे. नावात काश्मीर असले, तरी हा वृक्ष मूळचा पूर्व हिमालयातील, म्हणजे भूतान व अरुणाचल प्रदेशातील आहे. तेथे तो २० ते ४५ मी. उंच वाढतो. बौद्ध मठांच्या परिसरात तो आवर्जून लावला जातो. भूतानचा हा राष्ट्रीय वृक्ष असून त्या देशाच्या राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत सरूचा उल्लेख येतो.

याच्या निळसर हिरव्या, चपट्या डहाळ्या फांद्यांवरून सरळ खाली लोंबतात. शोभेची अनेक लोंबती झाडे कलम करूनच टिकवावी लागतात; काश्मीर सरूचे लोंबणे मात्र जातिगुण असल्याने बियांपासून केलेल्या रोपांतही उतरते. शंकू पक्व होण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. कोवळ्या रोपाची पाने सुईसारखी असतात व खरे रूप नंतर प्रकटते, म्हणून सुरुवातीला रोप वेगळे दिसले तरी ते उपटून टाकू नये.

रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे, कारण कुंडीत गुंडाळली गेलेली मुळे पुढे झाडाला नीट धरून ठेवत नाहीत. जमीन ओलावा धरणारी, पण उत्तम निचऱ्याची हवी. पाणी साचल्यास मुळकूज होते. मूळ प्रदेशात उन्हाळी पाऊस भरपूर असल्याने कोरड्या दिवसांत पाणी देणे व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करणे हितावह ठरते. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. थंड देशांत तो काचगृहात वाढवतात.

जोरदार वारा हा याचा मोठा शत्रू आहे. इटलीतील माज्जोरे सरोवरातल्या इझोला माद्रे बेटावरचा प्रसिद्ध काश्मीर सरू २००६ मध्ये वादळात उन्मळून पडला होता. पोलादी तारांच्या आधाराने तो पुन्हा उभा करण्यात आला आणि जगलाही. म्हणूनच आडोशाची जागा निवडणे महत्त्वाचे आहे.

शेंडाही झुकणारा असल्यामुळे पहिली काही वर्षे तो काठीला सैल बांधून सरळ ठेवावा आणि दुसरा शेंडा फुटल्यास वेळीच काढावा. त्यापलीकडे छाटणीचा मोह टाळलेलाच बरा: तपकिरी, जुन्या लाकडातून नवी पालवी सहसा फुटत नाही आणि तेथवर कापलेली फांदी उघडीच राहते. झाडाच्या पूर्ण विस्ताराला पुरेल एवढी मोकळी जागा सुरुवातीलाच सोडल्यास अशा छाटणीची वेळ येत नाही.