ताण लहरींचा की पकडल्याचा?

टॉवरच्या लहरींनी किंवा उच्चदाबाच्या तारांनी जनावरांना ताण येतो, असं सर्रास बोललं जातं. हा ताण मोजायचा कसा? बहुतेक संशोधक रक्तातलं एक संप्रेरक पाहतात: मेंढी, माकड आणि माणसात कॉर्टिसॉल, उंदीर आणि पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कळवते आणि त्या हे संप्रेरक रक्तात सोडतात.

इथेच तर घोडं पेंड खातं. उंदीर हातात धरला की तीनेक मिनिटांत त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन चढू लागतं. मोबाइल लहरींच्या अनेक प्रयोगांत त्याला अँटेनाकडे तोंड करून प्लास्टिकच्या अरुंद नळीत कोंबतात. मग ताण लहरींचा की नळीचा? त्यात तो निशाचर, त्यामुळे दिवेलागणीला त्याचं संप्रेरक आपोआपच वाढलेलं असतं. मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं, की प्रयोगकर्ता पुरुष असला, नव्हे त्याने वापरलेला टी-शर्ट जरी जवळ ठेवला, तरी उंदरांना ताण येतो! म्हणून तुलनेचा गट तीच नळी, तीच वेळ आणि तीच माणसं, फक्त अँटेना बंद, असा हवा. ज्या अभ्यासात हे नाही, त्याचा आकडा कितीही मोठा असो, मी तो बाजूला ठेवतो.

लहरींनी कॉर्टिसॉल वाढतच नाही, असं मात्र नाही. 1970च्या दशकात लोट्झ आणि मायकेलसन या संशोधकांनी उंदरांवर तीव्र मायक्रोवेव्ह सोडले, तेव्हा शरीराचं तापमान जसं वाढलं तसं कॉर्टिकोस्टेरॉनही वाढलं. पिट्युटरी काढून टाकलेल्या उंदरांत ही वाढ दिसली नाही. म्हणजे लहरी थेट अधिवृक्क ग्रंथीला डिवचत नव्हत्या. हुकूम वरून, मेंदूकडून येत होता.

पुढे लोट्झ यांनी ऱ्हीसस माकडांवर काम केलं. रक्त काढताना माकड बिथरू नये म्हणून मानेच्या शिरेत आधीच बारीक नळी बसवलेली होती. आठ तासांच्या प्रयोगात मायक्रोवेव्हची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 20 आणि 28 मिलिवॅट असताना कॉर्टिसॉल हललं नाही. 38 मिलिवॅटला अंग सुमारे 1.7 अंश सेल्सिअसने तापलं आणि कॉर्टिसॉल वाढलं. भारताने 2012 मध्ये मोबाइल टॉवरसाठी घातलेली मर्यादा, माकडांवर सोडलेल्या लहरींच्याच वारंवारितेला, या 38 मिलिवॅटच्या पाचशेव्या भागाहूनही कमी आहे.

उच्चदाबाच्या तारांची गोष्ट वेगळी, तिथे अंग तापण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये 500 किलोव्होल्टच्या वाहिनीखाली कोकरं वाढवली आणि काही दूर अंतरावर ठेवली. दोन्ही कळपांच्या कॉर्टिसॉलमध्ये आणि वाढीत फरक आढळला नाही. निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले.

पण कॉर्टिसॉल म्हणजे सर्वस्व नव्हे. जर्मनीतल्या ओल्डनबर्गमध्ये लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिन या स्थलांतरित पक्ष्यांना शहरातल्या अगदी क्षीण विद्युतचुंबकीय गोंगाटात दिशाच कळेना. ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडल्यावर कळू लागली. त्यांना चकवणाऱ्या लहरी मोबाइलच्या नव्हत्या, त्याहून कितीतरी कमी वारंवारितेच्या होत्या.