नजरेचा कोन (स्टेल्थ व्हिडिओ गेम)

नजरेचा कोन : स्टेल्थ प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये पहारेकऱ्याला जेवढा भाग दिसतो, तेवढ्या भागाची पडद्यावर काढलेली आकृती. बहुधा ती पहारेकऱ्याच्या डोळ्यांपासून निघून पुढे पसरत जाणाऱ्या पंख्यासारखी किंवा बॅटरीच्या झोतासारखी असते. पंख्यात पाय पडला की खेळाडू दिसला, बाहेर राहिला की सुटला. लढण्यापेक्षा न दिसता पुढे सरकणे हा ज्या खेळांचा गाभा असतो, त्यांत ही आकृती म्हणजे खेळाडू आणि संगणक यांच्यात आधीच ठरलेली बोली होय. मोठ्या मालिकांपेक्षा त्यांतून फुटलेल्या छोट्या खेळांनी, म्हणजे स्पिन-ऑफ खेळांनी, ही बोली अधिक चोख पाळली, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

लपंडावाशी या खेळांची तुलना नेहमी केली जाते, पण ती पूर्ण जुळत नाही. लपंडावात ज्याच्यावर राज्य असते त्याला भिडू लपले आहेत हे ठाऊक असते. तो शोधायलाच निघालेला असतो. स्टेल्थ गेममधला पहारेकरी मात्र आपल्या फेऱ्या घालत असतो आणि कोणी आत शिरले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. त्यामुळे लपण्याइतकेच त्याच्या फेरीचे वेळापत्रक ध्यानात ठेवणे महत्त्वाचे ठरते. अहिराणीतील ‘दपनं’ हे क्रियापद इथे अधिक जवळचे आहे. दबा धरून राहायचे, समोरच्यावर लक्ष ठेवायचे आणि तो वळला की निघायचे, असे सगळे त्यात येते.

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागेत ही कल्पना आकृतीवाचून समजते. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत ओळीच्या तोंडाशी उभे राहिले, तर नजर थेट पलीकडच्या बांधापर्यंत जाते. एक पाऊल बाजूला सरकले की खोडे आणि त्यांना लोंबणारी वाळकी पाने आड येतात आणि दहा हातांवरचा माणूसही दिसेनासा होतो. आवाजाचेही तसेच. ओळींच्या मधल्या कोरड्या जागेत पडलेल्या पानांवर पाय पडला, की चरचर दोन ओळी पलीकडे ऐकू जाते. ठिबकच्या नळीलगतच्या ओल्या पट्ट्यावरून चालले, तर काहीच ऐकू येत नाही. १९९८ च्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ या खेळात दगडी फरशी, गालिचा आणि धातूची पट्टी यांवर पावलांचा आवाज वेगवेगळा येतो आणि आवाज दाबण्यासाठी शेवाळाचा बाण मारता येतो. या योजनेचे तेव्हा फार कौतुक झाले. बागेत पाणी द्यायला जाणाऱ्याला ती वेगळी शिकवावी लागत नाही.

उगम व मतभेद : कोन प्रथम कोणी काढला याविषयी एकमत नाही. वादाचे मूळ ‘काढला’ या शब्दातच आहे. पहारेकऱ्याला दिसते हा नियम खेळात असणे वेगळे आणि कुठवर दिसते हे खेळाडूला रेखून दाखवणे वेगळे. पहिली गोष्ट जुनी आहे. १९७९ मध्ये कमोडोर कंपनीच्या पेट संगणकासाठी जपानमध्ये तयार झालेल्या ‘मानबिकी शोनेन’ या छोट्या खेळात दुकानातून वस्तू उचलणाऱ्या मुलाला दुकानदाराची नजर चुकवावी लागे. काही अभ्यासक या प्रकाराचा आरंभ तिथे धरतात. गिनीजच्या नोंदींत हा मान सेगा कंपनीच्या १९८१ च्या ‘००५’ या खेळाला दिलेला आढळतो. त्यातील गोदामात पहारेकऱ्यांच्या बॅटरीचे झोत चुकवत जावे लागते, आणि तो झोत पडद्यावर दिसतो. याच आधारावर ‘००५’ मध्येच कोन आला असे म्हणता येईल. परंतु झोत हा उजेड आहे, नजर नव्हे, हा आक्षेप रास्त वाटतो.

त्याच वर्षी सायलस वॉर्नर यांचा ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ अ‍ॅपल टू संगणकावर आला. त्यात गोळीचा आवाज ऐकून पहारेकरी सावध होतात आणि शत्रूचा गणवेश चढवून त्यांच्यासमोरून जाता येते. नजर मात्र कुठेच रेखलेली नाही. १९८७ च्या ‘मेटल गिअर’ मध्ये पहारेकऱ्यांना फक्त नाकासमोर, सरळ रेषेत दिसते. एमएसएक्स-२ या घरगुती संगणकावर एकाच वेळी अनेक हलत्या आकृत्या आणि गोळ्या दाखवणे कठीण होते, म्हणून त्याचे रचनाकार हिदेओ कोजिमा यांनी लढाईऐवजी चुकवाचुकवीचा खेळ रचला. १९९० मध्ये आलेल्या ‘मेटल गिअर’ च्या दुसऱ्या भागात पहारेकऱ्याला पंचेचाळीस अंशांचे दृष्टिक्षेत्र मिळाले, तो मान वळवू लागला आणि कोपऱ्यात रडारही आले. कोनाचा खरा जन्म इथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते, जरी तो अजून रेखलेला नव्हता.

रेखाटनाचे श्रेय १९९८ या वर्षाकडे जाते, पण कोणत्या खेळाकडे यावर पुन्हा दोन तट आहेत. स्पेनमधील पायरो स्टुडिओजचा ‘कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स’ वर्षाच्या मध्यास आला, जपानमध्ये ‘मेटल गिअर सॉलिड’ सप्टेंबरात. दुसऱ्यात कोन रडारवर, लहानशा चौकटीत दिसतो. पहिल्यात तो थेट जमिनीवर हिरव्या रंगात पसरतो आणि त्याचे दोन पट्टे असतात. जवळच्या पट्ट्यात कसेही असा, दिसणारच. दूरच्या पट्ट्यात सरपटत गेल्यास दिसत नाही. तारखेने आणि स्पष्टतेनेही ‘कमांडोज’ चा दावा जड वाटतो. ‘थीफ’ ने मात्र उलटा मार्ग घेतला. त्यात पहारेकऱ्याची नजर न दाखवता, आपण किती उजेडात आहोत हे पडद्याच्या तळाशी असलेल्या मण्याच्या चकाकीवरून कळते.

स्पिन-ऑफ खेळांतील उपयोग : मुख्य मालिकेत शहर मोठे, हालचाली पुष्कळ आणि कथानकाचा पसारा फार, त्यात पहारेकरी नेमका कुठवर पाहतो हे सांगायला जागाच उरत नाही. फाटा फुटून निघालेल्या खेळाला पैसा कमी, पडदा लहान, आवाका मर्यादित. त्यामुळे जे काही सांगायचे ते ठसठशीत सांगावे लागते. २००० सालचा ‘मेटल गिअर : घोस्ट बेबल’ हा गेम बॉय कलर या हातात धरायच्या यंत्राच्या १६० बाय १४४ ठिपक्यांच्या पडद्यासाठी होता. तो मुख्य कथेच्या बाहेरचा आहे, पण वरून दिसणारा आखीव नकाशा आणि वेगवेगळे टप्पे यांमुळे त्यात प्रत्येक खोली एक कोडे बनते.

भारतीय वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया’. क्लायमॅक्स स्टुडिओजने तयार केलेला आणि जानेवारी २०१६ मध्ये युबिसॉफ्टने प्रसिद्ध केलेला हा खेळ १८४१ च्या सुमारास, शीख साम्राज्याच्या काळात घडतो. अरबाज मीर हा नायक पडद्यावर आडवा सरकतो; मागच्या आणि पुढच्या पातळ्यांवर ये-जा करता येते, पण चौफेर फिरता येत नाही. हीच मर्यादा त्याच्या पथ्यावर पडली आहे. पहारेकऱ्याचा कोन बाजूने, भिंतीवर टाकलेल्या झोतासारखा दिसतो. पळालो तर पावलांच्या आवाजाचे वर्तुळ किती पसरले तेही दिसते. खांबाआड उभे राहिलो, शीळ घातली, पहारेकरी दोन पावले आला, तो वळेपर्यंत मागच्या पातळीवर गेलो, असा सारा हिशेब एका नजरेत मांडता येतो. टप्पा संपल्यावर कोणाच्याही नजरेत न येता गेलात, गुपचूप मारत गेलात की उघड लढलात, यानुसार वेगवेगळे गुण मिळतात. न मारता जाणाऱ्याला कमी लेखले जात नाही. ही गोष्ट विशेष आवडण्यासारखी आहे. त्यातील उणीव अशी की काही टप्प्यांत वेळेचे गणित फार घट्ट आहे. तिथे कोन दिसूनही उपयोग नसतो, कारण मार्ग एकच असतो आणि तो चुकतमाकत पाठ करावा लागतो.

२०१४ चा ‘हिटमॅन गो’ आणखी पुढे गेला. त्यात माणसे सोंगट्यांसारखी पटावर उभी असतात आणि खेळ चालीगणिक पुढे सरकतो. कोन आटत आटत एका घरापुरता उरतो. पहारेकऱ्याच्या तोंडासमोरच्या घरात गेलात की संपलात. एक जागेवर उभा, एक चालणारा, एक दर चालीला पाठ फिरवणारा, एवढ्या सामग्रीवर कठीण डाव रचले आहेत. कोन रंगाने दाखवायची गरजच उरली नाही. ‘शॅडो टॅक्टिक्स’ मधून निघालेला ‘आयकोज चॉइस’ (२०२१) ‘कमांडोज’ च्या दोन पट्ट्यांचीच परंपरा पुढे नेतो. ‘स्टिक्स : मास्टर ऑफ शॅडोज’ (२०१४) मध्ये नायक स्वतःची प्रतिकृती निर्माण करून तिच्याकरवी पहारेकऱ्यांचे लक्ष वळवतो. ‘डिसऑनर्ड : डेथ ऑफ दि आउटसायडर’ (२०१७) मध्ये काळ थांबवून, शरीर मागे ठेवून पुढची वाट पाहून येता येते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आपोआप भरून येत असल्याने खेळाडू ती जपून न ठेवता मोकळेपणाने वापरतो.

वेषांतर आणि असीरगड : नजरेच्या कोनात शिरूनही ओळखले न जाणे, हा या खेळांचा दुसरा उपाय. ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’ मधील गणवेश, २००० पासूनच्या ‘हिटमॅन’ मालिकेतील कपडे बदलणे आणि ‘डेथ ऑफ दि आउटसायडर’ मधील दुसऱ्याचा चेहरा घेण्याची विद्या ही त्याची उदाहरणे. खानदेशात याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला असीरगडाचा आहे. हा किल्ला आज मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस आहे. पण फारुकी सुलतानांच्या काळात तो खानदेशच्या सत्तेचा कणा होता. पंधराव्या शतकाच्या आरंभी नसीर खान फारुकीने आसा अहीर या किल्लेदाराकडे आपल्या कुटुंबातील स्त्रियांसाठी आश्रय मागितला, पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखर स्त्रिया पाठवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच डोल्यांतून हत्यारबंद शिपाई आत घातले, अशी हकीकत इतिहासकार फिरिश्ता देतो. आदल्या दिवशी डोल्यांत खरोखर स्त्रियाच होत्या; म्हणून दुसऱ्या दिवशी कोणाला संशय आला नाही. संशय कसा विझतो याचे इतके नेमके वर्णन कोणत्याही खेळाच्या नियमांत आढळत नाही.

मात्र फिरिश्ता घटनेनंतर सुमारे दोन शतकांनी लिहीत होता, आणि डोल्यांतील शिपायांची अशीच गोष्ट शेरशहाने १५३८ मध्ये घेतलेल्या बिहारमधील रोहतास गडाविषयीही सांगितली जाते. तेव्हा ही इतिहासाची घटना की गड घेण्याच्या कथांचा फिरता साचा, हा प्रश्न उरतो. साचा मानणे अधिक सावधपणाचे ठरेल. गडाचे नाव आसा अहीरावरून आले ही व्युत्पत्तीही सर्वमान्य नाही. काही जण ते अश्वत्थाम्याशी जोडतात. किल्ला कपटाने पडला, ही आठवण मात्र अहीर समाजाच्या कथांत टिकून आहे, आणि तिच्यात नसीर खानाच्या चातुर्यापेक्षा आसा अहीराने दिलेल्या आश्रयावर भर असतो.

खानदेशातील प्रसार : २००० नंतरच्या दशकात जळगाव, भुसावळ, धुळे येथील सायबर कॅफेंत तासावर पैसे मोजून ‘कमांडोज’ आणि ‘आयजीआय’ खेळले जात. ‘आयजीआय’ मध्ये नजरेचा कोन दाखवलेला नाही. वरून पाहण्याचा उपग्रह-नकाशा तेवढा आहे. मोहीम चालू असताना खेळ मध्येच जतन करता येत नाही. त्यामुळे टेहळणी मनोऱ्यावरच्या शिपायाला किती लांबून दिसते, हे एकाने मरून शोधायचे आणि शेजारच्या खुर्चीवरच्याने ते ध्यानात ठेवायचे, अशी रीत पडली. ‘देखी लिधं!’ (पाहिलं!) असा ओरडा झाला, की पुन्हा पहिल्या कुंपणापासून सुरुवात.