स्पंजाची रासायनिक कुंडली: किलोंकडून ग्रॅमकडे

पुण्यात पाषाणच्या एखाद्या प्रयोगशाळेत मालवणच्या किनाऱ्यावरून मूठभर स्पंज (समुद्रतळाला चिकटून राहणारा साधा प्राणी) येतो आणि त्यातल्या पाच ग्रॅम ओल्या तुकड्यावर पहिली रासायनिक कुंडली, म्हणजे त्यात कोणकोणती संयुगं आहेत याची यादी, मांडून होते. १९८६ साली हे कुणाला खरं वाटलं नसतं. त्या वर्षी जपानमध्ये हिराता आणि उएमुरा या रसायनशास्त्रज्ञांनी ‘हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई’ या स्पंजातलं हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगाच्या पेशी मारणारं संयुग जाहीर केलं. ६०० किलो स्पंजातून हाती लागलं होतं १२.५ मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. रसायनशास्त्रज्ञ किशी यांनी १९९२ मध्ये त्याचं संपूर्ण संश्लेषण केलं आणि त्या रेणूचा जवळपास अर्धाच भाग घेऊन बेतलेलं एरिब्युलिन २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं.

मुळात या विषयाला हात लागला तो औषध शोधताना नव्हे. रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना रस होता स्पंजातल्या स्टेरॉलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतल्या रेणूंमध्ये. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा एका स्पंजाचा ॲसिटोनने अर्क काढायला घेतला तर आपसूक स्फटिक मिळाले. १९५०-५१ मध्ये बर्गमन आणि फीनी यांनी ते न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांसारखी बेस आणि साखर यांची जोडी) असल्याचं दाखवलं: स्पॉन्गोथायमिडिन. बेस नेहमीचाच, थायमिन. साखर मात्र अरॅबिनोज. आरएनएतल्या रायबोजपेक्षा एका कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट उलट्या बाजूला, एवढाच फरक. पण तो धागा धरून बनलेल्या सायटाराबिन या औषधावर पेशीची डीएनए जोडणारी यंत्रणा अडखळते. १९६९ मध्ये ते रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. स्वतः सायटाराबिन स्पंजातून काढलेलं नाही, प्रयोगशाळेत बनवलेलं आहे. उलटं सर्रास छापलं जातं, म्हणून सांगितलं.

पुढची काही दशकं पद्धत एकच: किलोवारी स्पंज, अर्क, कॉलममधून त्याचे घटक वेगळे करणं, ते फ्रॅक्शनमध्ये (वेगवेगळ्या बाटल्यांत) धरणं, मग रेणूची रचना उलगडायला एनएमआर. महिनोन्‌महिने खपून निघायचं ते कुणीतरी आधीच छापलेलं संयुग. हे दुखणं रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या इलेक्ट्रोस्प्रे मास स्पेक्ट्रोमेट्रीने हलकं केलं. अर्क एलसी-एमएसवर (आधी द्रव कॉलममधून घटक वेगळे, मग वस्तुमान) चालवायचा आणि ज्ञात संयुगं आधी ओळखून बाजूला काढायची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेलं जीएनपीएस हे खुलं व्यासपीठ सारख्या पद्धतीने तुटणारे रेणू एका जाळ्यात बांधून देतं. कोसाइन (तुटण्याच्या नमुन्यांतलं साम्य, ० ते १) ०.७ आणि किमान सहा जुळणारी शिखरं (आलेखावरच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या खुणा), हा नेहमीचा उंबरठा. तो सैल केला की नातं नसलेलेही गोतावळ्यात येतात.

यंत्र सुधारलं, तशा चुका यंत्राच्या आधीच्या पायऱ्यांत सरकल्या. मालवण ते पुणे रात्रभराचा रस्ता. तेवढ्या वेळात साध्या बर्फावरच्या तुकड्यात एन्झाइम काम करत राहतात. ॲप्लिसिनासारखा पिवळा स्पंज पाण्याबाहेर काढला की काळानिळा पडतो, ते रसायन बदलत असल्याचं डोळ्यांना दिसणारं लक्षण. म्हणून कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. इथेनॉलमध्ये आणायचा तर स्पंजातल्या पाण्याने ते पातळ होतं, बदलावं लागतं. आणि जुनं फेकायचं नाही, बरीच संयुगं त्यातच उतरलेली असतात.

प्रयोगशाळेत तुकडा फ्रीज-ड्राय करून (गोठवून निर्वातात सुकवून) कुटायचा. मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन १:१, कोरड्या ग्रॅमला २० मिलिलिटर, तीन वेळा. द्रावक उडवणाऱ्या रोटाव्हॅपच्या टबातलं पाणी ४० अंशांखाली. खरी डोकेदुखी मीठ. मिथेनॉल तेही ओढतं, त्यामुळे अर्काचं वजन बघून हुरळून जाऊ नये. मीठ तसंच पुढे गेलं तर फॉर्मिक ॲसिडबरोबर सोडियम फॉर्मेटचे झुबके बनतात आणि स्पेक्ट्रमवर (वस्तुमानांच्या आलेखावर) दर ६८ एककांना एक शिखर, अशी शिडी उभी राहते. ३९१.२८ ला शिखर दिसलं तर आधी प्लास्टिकच्या नळीवर संशय घ्यावा. ते बहुधा थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घातलेलं रसायन, असतं. त्यासाठीच स्पंज न घालता सगळ्या पायऱ्यांतून नेलेला कोरा नमुना हवा. एखाद्या आम्लाचा १४ ने जड जोडीदार दिसला तर मिथेनॉलनेच त्याचं एस्टर केलंय का ते बघावं. ब्रोमीनवाली संयुगं मात्र लपत नाहीत: दोन एककांच्या अंतरावर जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं, आणि दोन ब्रोमीन असले तर १:२:१.

मीठ घालवायला सी-१८ काडतूस (पाण्याला न जुमानणारे रेणू धरून ठेवणारी छोटी नळी) वापरतात, आणि मीठ धुऊन नेणारं पहिलं पाणी सिंकमध्ये जातं. न्यूक्लिओसाइड त्या काडतुसाला नीट धरून राहत नाहीत. म्हणजे ज्यापासून हे सगळं सुरू झालं ते स्पॉन्गोथायमिडिन आज त्या पाण्याबरोबरच वाहून जाईल. ते पाणी वेगळ्या बाटलीत धरावं, सुकवावं आणि पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरून ठेवणाऱ्या हिलिक कॉलमवर स्वतंत्र चालवावं.