छातीची जखम: झाकायची की बुजवायची?

चाकू, सळई किंवा गोळी छातीत घुसून भोक पडले, तर प्रथम पोचणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर 2015 नंतर बदलले आहे. जुन्या वर्गांत शिकलेल्यांना मात्र प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टीच आठवते.

त्या पट्टीमागचा विचार रणांगणावरचा. श्वासागणिक फुसफुसणाऱ्या जखमेचे तोंड मिटवले की सैनिकाला बरे वाटते, हे नेपोलियनच्या फौजेतल्या एका शल्यविशारदाने पाहिले होते. छातीत नळी घालून हवा आणि रक्त बाहेर काढणे ही युद्धातली नेहमीची पद्धत व्हायला मात्र व्हिएतनाम उजाडावे लागले.

1976 मध्ये नेब्रास्कात एका अस्थिशल्यविशारदाचे विमान कोसळले. पत्नी गेली, मुले जखमी झाली. गावातल्या रुग्णालयातले उपचार पाहून तो हादरला. त्यातून उभा राहिलेला अपघात-उपचारांचा अभ्यासक्रम 1980 पासून जगभर पसरला. त्यात तीन बाजूंनी चिकटवायची पट्टी होती: श्वास घेताना ती जखमेला चिकटावी, सोडताना चौथ्या बाजूने हवा निघावी. कागदावर हे चोख दिसते. पण रक्ताघामाने भिजलेल्या छातीवर पट्टी एक तर निसटते, नाही तर चारही बाजूंनी घट्ट बसते. ती खरोखर चालते याचा पुरावा कायम तोकडाच राहिला.

घट्ट बसली तर काय, हा खरा प्रश्न. फुप्फुसातूनही हवा गळत असेल, तर ती आत कोंडते, दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. डुकरांवरच्या प्रयोगांत हे दिसल्यावर 2013 मध्ये अमेरिकी लष्कराने झडप असलेली, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी पण बाहेरची आत न घेणारी पट्टी पसंत केली. 2015 मध्ये नागरी प्रथमोपचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी त्याहून पुढे गेल्या: सामान्य माणसाने जखम हवाबंद करू नये, उघडी ठेवावी. माझ्या मते हेच शहाणपणाचे आहे. सैनिकी परिचारकाला कोंडलेली हवा ओळखून पट्टी उचलायला, ती हवा काढण्यासाठी छातीत सुई घालायला शिकवलेले असते. रस्त्यावरच्या माणसाला नसते. 2024 च्या अमेरिकी सूचनांत उघडी ठेवणे, कोरडे गॉज ठेवणे किंवा झडपेची पट्टी लावणे, असे तिन्ही मार्ग चालतात.

मराठीत गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘जखम झाका’ म्हणजे वर सैल, कोरडे गॉज ठेवा, की भोक बुजवा? परिणाम नेमके उलटे आहेत. रक्त वाहत असेल तर गॉजने दाबावे. मात्र ते भिजून चिकटले तर तेही बूच होते, म्हणून बदलत राहावे. रुतलेला चाकू मात्र उपसायचा नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

आपल्याकडे पट्टीच्या आधी भीती आडवी येते: भोसकाभोसकी म्हणजे पोलीस केस. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते आहे. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, पण ते रस्ते अपघातापुरते. चाकूच्या जखमेजवळ थांबणाऱ्यासाठी तेवढा स्पष्ट कायदा अजून हवा आहे.