पार्श्वभूमी : रूळ एकीकडे, शहर दुसरीकडे

इंदूरजवळच्या महू किंवा राऊहून रोज इंदुरात कामाला येणारा गाडी धरणार की बस, याचं निम्मं उत्तर 1870 च्या दशकातच ठरून गेलं होतं. होळकर संस्थानाने एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले आणि खंडव्याहून मीटरगेज रेल्वे घाट चढून महूमार्गे इंदुरात पोहोचली. महूची लष्करी छावणी आणि इंदूरची बाजारपेठ मुंबईच्या लाइनला जोडायची, एवढाच त्यामागचा हिशेब. शहराच्या उत्तरेला विजय नगरला ऑफिस असेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असणार?

त्यामुळे लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या वस्त्यांच्या (मराठी घरं इथे पुष्कळ) जवळच स्टेशन आहे, पण त्याचा खरा फायदा सियागंज-राजवाड्याच्या जुन्या बाजाराकडे काम असणाऱ्यालाच. नवी कामं एबी रोडने (आग्रा-मुंबई रस्ता) उत्तरेला आणि पीथमपूरच्या कारखान्यांकडे सरकली. पीथमपूर-धारवरून दाहोदला जाणाऱ्या लाइनची पायाभरणी 2008 ची. कामगार त्यानंतरही बरीच वर्षं बसनेच जात राहिले. बोलताना लोक महूच्या गाडीला ‘लोकल’ म्हणतात खरे, पण मुंबईची लोकल चुकली तर मागून दुसरी येते. इथे चुकली की सरळ बस.

शहरात बराच काळ टेम्पो आणि ‘नगर सेवा’ मिनीबसवर भागलं. 2006 मध्ये नव्या सिटी बस आल्या. मग 10 मे 2013 ला बीआरटीएस (बससाठी राखीव मार्ग) सुरू झाला: निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर. रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी लेन, बसच्या पायरीला पायरी लागेल असा फलाट, तिकीट चढण्याआधीच. एबी रोडला जी रेल्वे कधी मिळाली नाही, तिची ही चाकांवरची नक्कल होती. राऊकडचा माणूस राजीव गांधी चौराह्यावर उतरून आय-बस (या लेनमधली बस) धरायचा आणि पलासिया, एलआयजी या चौकांचे सिग्नल बाजूच्या गाड्यांना पाहत ओलांडायचा.

भांडण इथूनच सुरू झालं. बाजूच्या गर्दीत अडकलेल्या कारवाल्याला मधली लेन रिकामी दिसायची. ती तशी दिसणारच. बस अडली नाही तरच लेनचा उपयोग. पण रिकामी जागा डोळ्यांत भरते, बसमध्ये उभे असलेले साठ लोक भरत नाहीत. प्रकरण न्यायालयात गेलं. लेन अरुंद रस्त्यावर लादली, चौकांत कोंडी वाढली, हा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता.

शब्दानेही घोळ वाढवला. इंदुरात ‘बीआरटीएस’ म्हणजे कधी लेन, कधी बस, कधी अख्खा एबी रोड. ‘आमचं घर बीआरटीएसवर आहे’ असंही ऐकू येतं. त्यामुळे ‘बीआरटीएस हटवा’ म्हणणाऱ्या दोघांना एकच गोष्ट हवी असेलच असं नाही. भोपाळमधली लेन आधीच निघाली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये इथलीही काढायची घोषणा झाली, फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने मुभा दिली आणि रेलिंग निघू लागली. आता बसही त्याच गर्दीत, कारच्या मागे.

त्याच वर्षी 31 मे ला मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला: सहा किलोमीटर, पाच स्थानकं, शहराच्या वायव्येला, सुपर कॉरिडॉर या नव्या रुंद रस्त्याच्या बाजूला. महू-राऊच्या माणसाच्या वाटेत ती कुठेच येत नाही.